कोणाच्या हातची बुळबुळ

३ मार्च २०२५, सोमवार

आरओ प्लांटचं पाणी पुन्हा घटलं! तासाला हजार लिटर यायला हवं, आज साडेसातशे. प्रेशर मात्र बारावरून पंधरावर. म्हणजे मोटर जोर लावते आहे आणि आतली गाळणी, मेम्ब्रेन, पाणी सोडत नाही.

मोतीराम पाटी घेऊन दारात हजर. आमच्या महिला बचत गटाने त्याला प्लांटचा ऑपरेटर म्हणून ठेवलं त्याला तीन वर्षं झाली. रोज सकाळी खडूने आकडे लिहून मला दाखवायला आणतो. शाळेत एवढं लिहिलं असतं तर नववीत विज्ञानात एकतीसवर अडकला नसता. ते मी त्याला बोलूनही दाखवलं. हसला. त्याच्या हसण्याचा मला राग येतो.

"बाई, मले वाट्टे आतून काईतरी धरून राह्यलं."

काहीतरी म्हणजे काय? क्षार! खारपाणपट्ट्यात दुसरं काय धरणार?

उन्हाळा तोंडावर आला. हा आरओ बंद पडला तर गाव पुन्हा बोअरच्या खाऱ्या पाण्यावर. किडनीसाठी अकोल्याच्या फेऱ्या मारणारी नऊ माणसं आत्ताच आहेत गावात. मी गटाची अध्यक्ष असताना दहावं नको.

५ मार्च, बुधवार

हेक्साचं प्रमाण वाढवलं. एक किलो जास्त.

क्षार बसू नयेत म्हणून बोअरच्या पाण्यात थेंबथेंब औषध सोडावंच लागतं. आधी कंपनीचा निळा डबा यायचा. डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही. मी न वाचता काही घालत नाही. दिवाळीपासून डबा बंद, हेक्सामेटाफॉस्फेट सुरू. ब्याऐंशी साली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, अमरावतीच्या प्रयोगशाळेत याच पावडरीने आम्ही जड पाणी हलकं करून दाखवलं होतं. शास्त्र बदलत नाही.

पहिल्या वेळी मोतीरामला वजन करायला सांगितलं तर अडीचच्या जागी तीन किलो! तेव्हापासून दर एक तारखेला महिन्याचं औषध मीच कालवते. शंभर लिटरची टाकी, उरलेल्यावरच भर, झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. त्याचा हात लागायला नको.

आज कुलूप काढताना तो मागून म्हणाला, "बाई, थ्या टाकीले वास येते जी."

"वास तुझ्या नाकात आहे!"

मला तर काहीच आला नाही. (चार वर्षांपूर्वीच्या त्या आजारापासून मला फोडणी जळलेलीही कळत नाही. पण ते मोतीरामला सांगायचं कारण नाही.)

८ मार्च, शनिवार

महिला दिन. ग्रामपंचायतीत नारळ, गुच्छ, भाषणं. माझं चार मिनिटांत संपवलं. बाकीच्यांना संपवता येत नाही.

प्लांट सातशे वीस.

११ मार्च, मंगळवार

सहाशे सत्तर!

काल चारही मेम्ब्रेन लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुतली. क्षार असते तर विरघळून आले असते, पाणी गढूळ निघालं असतं. स्वच्छ निघालं. औषध वाढवलं तर पाणी वाढायला हवं, ते उलट घटतं आहे. हे शास्त्राच्या विरुद्ध आहे.

शास्त्राच्या विरुद्ध काही घडत असेल तर आजूबाजूला माणूस शोधायचा.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दार लावून बसले. दुपारी प्लांटवर गेले तर मोतीराम कपाळाला गुलाल लावून कॅन भरतो आहे. हात रंगलेले! तसाच उभा करून धुवायला लावले. "धुतलेच होते, बाई, रंग जात नाई." पुन्हा धुवायला लावले.

१७ मार्च, सोमवार

सापडलं!

सकाळी नऊला पहिल्या मेम्ब्रेनचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं नळकांडं, उघडलं. बायांची रांग दारापर्यंत होती. असू दे, बघू दे. मोतीरामने टोपण फिरवून काढलं, मेम्ब्रेनचा रूळ ओढला. रुळाच्या तोंडावर क्षाराचा एक कण नाही. तपकिरी, चिकट, बोटाला तार धरणारी बुळबुळ! न घासलेल्या रांजणाच्या तळाला असते तशी.

ही क्षाराची नाही, जिवाणूंची. हे मला कोणी शिकवायला नको. आधी चार जंतू येऊन नुसते टेकतात, ढकलले तर निघूनही जातात. नाही ढकलले की चिकटतात. मग स्वतःभोवती डिंक सोडतात, त्या डिंकात आणखी येऊन बसतात. एकदा थर धरला की वरून काय वाट्टेल ते ओता, आतल्याला लागत नाही.

आता हे आले कुठून? बोअर तीनशे फूट खोल. पाइप बंद. पाण्याला बाहेरचं काय लागतं? ऑपरेटरचा हात!

मी तिथेच म्हटलं. मोठ्याने म्हटलं, मला हळू बोलता येत नाही. "हे तुझ्या हातांचं काम आहे, मोतीराम. हे हात नाहीत, जंतूंची शेती आहे. तुझ्या हातानं गावाचं पाणी नासलं."

तो हसला नाही, पहिल्यांदाच. हात मागे घेतले आणि पायजम्याला पुसत राहिला. किती वेळ पुसत होता!

गटाची सचिव पार्वताबाई तेवढी बोलली, "मी तं कवाची म्हनतो, बाई. बोलाव कोनं?"

बरं वाटलं. निदान कोणाला तरी शास्त्र कळतं.

१८ मार्च, मंगळवार

मोतीराम आज कोपरापर्यंत हात धुऊन आला. साबणाची वडी सोबत घेऊन. सगळ्यांसमोर पुन्हा धुतले. तरी बायांनी कॅन त्याच्या हाती दिली नाही. "राहू दे गा, आमचं आमी भरतो." लहान पोरीसुद्धा कॅनचं झाकण पाठीआड धरतात. कोणी शिकवलं?

स्वच्छतेची सवय लागली तर वाईट नाही.

२१ मार्च, शुक्रवार

गटाची बैठक. मोतीरामला काढला. ठराव मी मांडला, अनुमोदन पार्वताबाईचं. बारा बाया, बारा हात वर. चंदाचाही! चंदा म्हणजे त्याची बायको, गटाची सभासद. सगळ्यांचे वर गेले तसा तिचाही गेला, कोपरात वाकलेला. खाली मान.

पाटी त्याने परत आणून दिली. आजचाही आकडा लिहिलेला, सहाशे दहा. "कामी पडन, बाई." मी ती कपाटामागे टाकली.

प्लांट आता मी आणि पार्वताबाई चालवणार.

२४ मार्च, सोमवार

नवीनच निघालं. चंदा शाळेत खिचडी शिजवते, सहा वर्षं झाली. आज अकरा मुलं जेवली नाहीत. घरून डबे आले. आया म्हणतात, तिच्या हातचं नको.

पार्वताबाईला विचारलं, हे काय चाललंय?

"तुमीच तं म्हनलं ना, बाई. त्याहिच्या हातानं नासते म्हून."

"त्यांच्या नाही! त्याच्या म्हटलं होतं. मोतीरामच्या."

"येकाच घरचे होत ना हात."

मी जातीबद्दल बोलले नव्हते. स्वच्छतेबद्दल बोलले होते. पस्तीस वर्षं शिकवलं, पहिल्या वर्षापासून सगळ्या पोरांना एका पंगतीत बसवलं. नाल्याअलीकडची, मोतीरामसारखी पलीकडची, सगळी. कोणी कुरकुर केली तर छडी. माझ्या तोंडून हे निघेल कसं?

निघालं नाहीच. त्यांनी ऐकलं.

२५ मार्च, मंगळवार

एकोणीस मुलं.

२७ मार्च, गुरुवार

चंदा आली. दुपारी, ऊन रणरणतं असताना. ओट्यावर बस म्हटलं. घरात ये म्हणायला हवं होतं का? तिचंही पाऊल पुढे आलं नाही. पाणी दिलं. तिने वरून प्यायलं, भांड्याला ओठ न लावता, आणि मग भांडं विसळायला उठली! ओरडले तिच्यावर. "मी सांगितलं का तुला विसळायला?"

"सवय लागली पायजे आता," म्हणाली. टोमणा होता की साधं बोलली, कळलं नाही. चंदाचा चेहरा दगडासारखा असतो.

"बाई, गाव तुमचं ऐकते. शाळेत येऊन येक वाक्य बोला. म्हना का चंदाचं काई नाई."

"पुरावा असेल तेच मी बोलते."

"मंग थ्या दिवशी काय पुरावा होता?"

अशी तोंडावर! पस्तीस वर्षांत कोणी उलट विचारलं नव्हतं. म्हटलं, उठ आता. उठली. जाताना पायरीवर थांबली. "पोरीनं काल शाळेत खिचडी खाल्ली. येकटीच होती तिच्या वर्गाच्या पंगतीत. मायच्या हातची हाय म्हून खाल्ली."

मी दार लावलं.

पुरावा! ठीक आहे. पुरावाच आणते. अमरावतीला गीतांजलीकडे सगळे नमुने पाठवते. माझ्या बहिणीची मुलगी, तिथे कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच शिकवते. मोतीरामच्या हातावरचे जंतू आणि मेम्ब्रेनवरचे जंतू जुळले की प्रश्न मिटला.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, उतरवली. श्रीखंडाला चव नाही. म्हणजे असेल, मला नाही.

३१ मार्च, सोमवार

नमुने घेतले. निर्जंतुक बाटल्या, कापसाच्या काड्या गीतांजलीने एसटीच्या पार्सलने पाठवल्या होत्या.

मोतीरामला बोलावून घेतलं. "हात पुढे कर." केले. दोन्ही तळवे वर, बोटं जुळवलेली, डोळे मिटलेले. छडीसाठी धरायचा तसे! शेहेचाळीस वर्षांचा माणूस. मी काडी फिरवली, दोन्ही तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून. हात खरखरीत, कोरडे, भेगा पडलेले. साबणाने.

"झालं," म्हटलं तेव्हा डोळे उघडले. "पास का नापास, बाई?" विनोद करायला गेला. मी काडी बाटलीत टाकून बूच लावलं.

बोअरचं पाणी, नळाची तोटी, पार्वताबाईचे हात (फणकारली!), माझे हात. नियम म्हणजे नियम. औषधाच्या टाकीतलंही घेतलं. कोपऱ्यात अंधार, चष्मा घरी. वरून बाटली बुडवली. टाकीच्या कडेला काही लागल्यासारखं वाटलं. औषधच सुकलं असेल.

१ एप्रिल, मंगळवार

अमरावती. पहिलं मेम्ब्रेन ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर. कंडक्टर म्हणतो, "काय होय बाई, तोफ होय काय?" दर्यापूरला गाडी बदलली. साडी भिजली ती भिजलीच.

गीतांजलीने करवतीने रूळ कापला आणि टेबलावर उलगडला. पानामागे पान, मधे जाळी. सगळीकडे तीच बुळबुळ. पाणी आत शिरतं त्या टोकाला सायीसारखी जाड, पुढे पातळ होत गेलेली. तिच्या विद्यार्थिनी भोवती गोळा झाल्या. एकीने नाक दाबलं.

"मावशी, औषध काय वापरता?" मी सांगितलं. कधी, किती कालवते तेही तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "रिपोर्ट येऊ दे."

एवढंच? आजकालच्या पोरींना सरळ बोलायला काय होतं?

आज एक तारीख. परत येईपर्यंत संध्याकाळ झाली, औषध कालवायचं राहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

४ एप्रिल, शुक्रवार

तीन मेम्ब्रेनवर प्लांट चालवतो आहोत. चारशे लिटर. रांगेत भांडणं. सगळ्या शिव्या मोतीरामला. तो दिसतही नाही आता. नाल्यापलीकडच्या बाया दुपारी, सगळ्यांचं झाल्यावर येतात. असं आधी नव्हतं. मी कोणाला तसं सांगितलेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

शाळेत खिचडी कोणीच खात नाही. चंदा शिजवते, मोजते, टाकून देते.

१० एप्रिल, गुरुवार

गीतांजलीचा फोन, सकाळी अकराला. "मावशी, बसली आहेस ना?" उभ्यानेच ऐकलं.

मेम्ब्रेनवरचे जंतू आणि मोतीरामच्या हातावरचे, काही संबंध नाही. त्याच्या हातावर जवळजवळ काही उगवलंच नाही. "एवढे स्वच्छ हात आमच्या लॅबमध्येही नसतात गं. काय करतो तो माणूस?"

बोअरचं पाणी ठीक. तोटी ठीक. पार्वताबाईच्या हातांवर माणसाच्या हातांवर असतं तेच. माझ्याही.

औषधाची टाकी—

"मावशी, रागावू नकोस. मेम्ब्रेनवर जे आहेत तेच टाकीत आहेत. थेंबात लाखांनी. ते फॉस्फेट आहे ना, पाण्यात राहिलं की फुटतं आणि जंतूंचं खाद्य होतं. दोन-तीन दिवसांचंच कालवायचं असतं, टाकी घासून. तू महिन्याचं कालवत होतीस आणि उरलेल्यावरच भर घालत होतीस. विरजणासारखं झालं बघ. जुन्यावर नवं. आणि पंपाने चोवीस तास थेट मेम्ब्रेनवर जेवण."

मी विचारलं, प्रमाण वाढवल्यावर पाणी घटलं ते?

"जेवण वाढवलंस म्हणून."

म्हटलं, ब्याऐंशी साली आम्हाला कोणी हे सांगितलं नव्हतं.

"तेव्हा ही मेम्ब्रेनच कुठे होती, मावशी?"

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. दोन पानं. वाचला. पुन्हा वाचला. चूक शोधत होते. तिच्या शुद्धलेखनाच्या चार सापडल्या. बाकी काही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी एकटी प्लांटवर गेले. चष्मा लावून, बॅटरी घेऊन. कुलूप काढलं. पदर खोचला आणि टाकीत हात घातला. भिंतीवरून फिरवला.

कोपरापर्यंत तपकिरी. तार धरून लोंबणारी. त्या दिवशी रुळावर होती तीच. माझ्या हातावर, माझ्या बांगडीत, किल्लीवर.

हात धुतला. तीनदा. चौथ्यांदा.

मग टाकी मागच्या नालीत ओतली, ब्लीचिंगने घासली, उन्हात पालथी घातली. कोणी पाहिलं नाही. कोणी पाहू नये म्हणूनच दुपारी गेले होते. लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहायचं तर कशाला लिहायचं?

१३ एप्रिल, रविवार

शाळा समितीचे अध्यक्ष खुशालराव घरी आले. माझेच विद्यार्थी, आता चार एकर ओलिताच्या शेतीचे मालक आणि पोट सुटलेलं. शनिवारी एकोणीस तारखेला पालकांची सभा. चंदाला कमी करायचा ठराव.

"बाई, तुमी फक्त या. खुर्चीवर बसा. मंग कोनी काई बोलत नाई."

"ठराव कशाच्या आधारावर?"

"आता बाई... तुमच्याच."

चहा दिला. रिपोर्टबद्दल बोलले नाही. जिभेवर आलं होतं. मग त्यांनी कप ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी खमकी बाई होती म्हून गाव वाचलं." आणि ते जिभेवरून परत आत गेलं.

१५ एप्रिल, मंगळवार

नऊशे वीस लिटर!

गीतांजलीने सांगितल्याप्रमाणे कास्टिक सोड्याने धुतलं, दोनदा. एक नवीन मेम्ब्रेन. कंपनीचा निळा डबा परत. टाकी दर तीन दिवसांनी घासायची. कुलूप काढून टाकलं.

रांगेतल्या बाया खूश. पार्वताबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाह्यलं? मोतीराम गेला आन् पानी आलं!"

कोणी हसलं. कोणी पाण्याला हात जोडले.

मी तिथेच उभी होते. मोठ्याने बोलणारी मी!

१६ एप्रिल, बुधवार

काहीच लिहावंसं वाटत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

स्टँडवर मोतीराम भेटला. पिशवी, नवा शर्ट. बडनेऱ्याला निघाला होता. कोणाच्या तरी ओळखीने गोदामात हमालीचं काम आहे, बघून येतो म्हणाला. चंदाचं राहिलं तर ती आणि पोरगी इथेच, नाही राहिलं तर सगळेच जाणार. पोरगी सातवीत.

मग म्हणाला, "टाकी धुतली म्हंते तुमी."

"कोण म्हणतं?"

"नाली आमच्याच घरावरून जाते ना, बाई. वासानं समजलं."

मी म्हटलं, मग तुला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?

"सांगतलं होतं जी."

राग नव्हता आवाजात. राग असता तर मला बरं पडलं असतं, रागाशी मला बोलता येतं. गाडी आली. चढताना त्याने दांड्याला रुमाल लावून धरलं. त्याच्या हाताने दांडा खराब होऊ नये म्हणून! कंडक्टरला ना गाव ठाऊक, ना मी, ना प्लांट. तरी रुमाल.

१८ एप्रिल, शुक्रवार

ठरलं. उद्या सभेत उभं राहून वाचायचं. रिपोर्ट नाही, कोणाला कळणार नाही. साध्या शब्दांत लिहून काढलं. चार वेळा फाडलं. पहिल्यात "दुर्दैवाने" होतं, दुसऱ्यात "अनवधानाने". हे शब्द मी मुलांच्या माफीपत्रांतून खोडायची. शेवटी उरलं ते असं:

"गावाचं पाणी मोतीरामच्या हाताने नासलं नाही. माझ्या हाताने नासलं. औषध मी चुकीचं कालवलं, टाकी सहा महिने घासली नाही, कुलूप मी लावलं. त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तपासणीत त्याचे हात स्वच्छ निघाले. चंदाच्या कामाचा याच्याशी काही संबंध नाही. ठराव करू नये."

मोठ्याने वाचून पाहिलं. आवाज कापतो "माझ्या हाताने"पाशी. दहा वेळा वाचलं. आता कापत नाही.

पस्तीस वर्षांचं नाव उद्या जाईल. जाऊ दे. पोरगी सातवीत आहे.

१९ एप्रिल, शनिवार

वाचलं. शब्दन् शब्द. आवाज कापला नाही.

मग पार्वताबाई पदराने डोळे पुसत उठली. "पाहा बाईचं मन! गरिबाच्या लेकरासाठी त्याचं पाप सोताच्या अंगावर घेऊन राह्यली." खुशालराव म्हणाले, अशी माणसं आता होत नाहीत. टाळ्या. कोणीतरी शाल आणायला पळालं. चंदाला कमी करायचा ठराव झाला, हात वर करून. सगळे वर.

मोतीराम आणि चंदा दाराशी उभे होते. दोघंही माझ्याकडेच पाहत होते. मी आणखी एकदा सांगेन, ओरडून सांगेन, म्हणून थांबले होते.

मी कागदाची घडी घातली आणि शाल घ्यायला मान वाकवली.